तुमचे प्रश्न : मशीनचा पीसी नेटला जोडायचा का, अपडेट करायचा का?

प्रश्न : नमस्कार सर, आमचा शिरोली एमआयडीसीत फर्निचरचा छोटा कारखाना आहे. सेकंडहँड सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन) घेतलाय, त्याला जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम) चालतं, प्रिंटर पोर्टवरून. डिझाईन पुढच्या ऑफिसात भाची करते आणि मग पेन ड्राईव्ह घेऊन दिवसभर ये-जा. पीसीला वायफायचा डोंगल लावला तर चालेल का? आणि स्क्रीनवर रोज अपडेट येतंय, तीनशेच्या वर झालेत. मुलगा म्हणतो करून टाका, मशीन विकणारा म्हणाला होता की बिलकुल हात लावू नका.

उत्तर : दादा, डोंगल नको, केबल टाका. आणि अपडेटचं बटन आज दाबू नका, एक सुट्टीचा दिवस काढा त्यासाठी, सांगतो कसं ते.

आधी हे लक्षात घ्या की प्रिंटर पोर्टवर मशीन चालतंय म्हणजे मोटरला जाणारा एकेक पल्स (एक पाऊल फिर असा विजेचा इशारा) तुमचा पीसी स्वतः मोजून सोडतोय, सेकंदाला हजारोंनी, आणि प्रत्येक पल्स वेळेवरच जायला हवा. म्हणून लिनक्ससीएनसीला साधा कर्नल (लिनक्सचा गाभा) पुरत नाही, रिअल टाईमचा वेगळा लागतो. आता या पीसीत मधेच कुणी येऊन काम अडवलं, डोंगलचा ड्रायव्हर म्हणा, ग्राफिक कार्ड म्हणा, तर पल्स उशिरा जातो, स्टेपर मोटर पाऊल चुकते आणि मशीनला ते कळतही नाही कारण साध्या स्टेपरला किती फिरलो ते मागे सांगायला एन्कोडरच नसतो. आमच्या शेडमधे मी हे भोगलंय. १८ एमएमची पूर्ण शीट, पहिले खण अगदी बरोबर आणि शेवटाला खाचा तीन एमएम सरकलेल्या. दोन दिवस कपलिंग खोलली, वायरी बदलल्या, ड्रायव्हर बदलला, शेवटी सहज म्हणून डोंगल काढला आणि सरकणं बंद. तीन शीट गेल्या तोवर.

तुम्ही स्वतः बघून घ्या. लिनक्ससीएनसीबरोबरच लेटन्सी टेस्ट नावाचा प्रोग्रॅम येतो, मशीनची पॉवर बंद ठेवून तो लावा, वर गिअर फिरणाऱ्या जीएलएक्सगिअर्स नावाच्या डेमोच्या दोन-चार विंडो उघडा, मोठी फाईल कॉपी करा, माऊसने विंडो इकडेतिकडे ओढा, आणि अर्धा तास तरी चालू द्या. बेस थ्रेडच्या (पल्स सोडणाऱ्या कामाच्या) ओळीत मॅक्स जिटरचा, म्हणजे जास्तीत जास्त वेळ किती चुकली त्याचा, आकडा नॅनोसेकंदात येतो. १५ ते २० हजाराच्या आत असला तर पीसी झकास आहे, ३० ते ५० हजार असला तरी चालतं पण स्पीड कमी ठेवावा लागतो. आकडा वहीत लिहून ठेवा, नेटवर्क लावल्यावर परत हीच टेस्ट आणि अपडेट झाल्यावर परत हीच.

केबल साधी चालेल, जी-कोडची (मशीनला द्यायच्या सूचनांची) फाईल म्हणजे शेवटी टेक्स्टच, १०० एमबीपीएसचं जुनं पोर्टसुद्धा भरपूर झालं. फक्त स्पिंडलच्या व्हीएफडीच्या (स्पीड बदलणाऱ्या ड्राईव्हच्या) वायरीला चिकटून नेऊ नका, जिथं ओलांडावीच लागेल तिथं काटकोनात ओलांडा. मशीनच्या पीसीला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हाताने द्या, ऑफिसच्याच रेंजमधला पण दुसऱ्या कुणाला दिलेला नाही असा, आणि गेटवेची जागा रिकामी सोडा. गेटवे नाही म्हणजे या पीसीला बाहेरच्या इंटरनेटची वाटच माहीत नाही, ऑफिसातला पीसी मात्र दिसतो. मग साम्बा (लिनक्सचा फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) टाकून फक्त एनसी फाईल्सचा, म्हणजे जी-कोडच्या फाईलींचा, फोल्डर शेअर करा, सगळी डिस्क नाही, आणि पासवर्ड ठेवा. भाचीला सांगा फाईल त्या फोल्डरमधे टाकायची आणि ऑपरेटरने तिथूनच उघडायची. ऑफिसच्या पीसीवरची फाईल नेटवर्कवरून थेट चालवायची नाही, कारण लिनक्ससीएनसी जसं काम पुढं जाईल तसं फाईल वाचत जातं, मधेच केबल निघाली की जॉब अर्ध्यात अडकला.

इंटरनेटपासून तोडलं म्हणजे झालं असंही समजू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याचं विंडोजचं पॅच मार्चमधेच आलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं ते अडकले. आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमधे तैवानच्या टीएसएमसीत, एवढी मोठी चिप बनवणारी कंपनी, त्याचाच एक प्रकार शिरला, तो बाहेरच्या नेटवरून नाही तर नव्या मशीनचं सॉफ्टवेअर टाकताना व्हायरस स्कॅन राहिला आणि ते मशीन आतल्या नेटवर्कला जोडलं म्हणून. तुमचं लिनक्स आहे, तो व्हायरस तुमच्याकडे चालणार नाही, पण ऑफिसातलं विंडोज आहे आणि शेअर फोल्डर त्याच्याशी जोडलेला आहे, म्हणून अपडेट आधी त्या ऑफिसच्या पीसीचे करा, ते कधीच टाळू नका.

आता मशीनच्या पीसीचे अपडेट. विकणारा हात लावू नका म्हणाला त्याला कारण आहे, अपडेटमधे कर्नल बदलतो आणि रिस्टार्टला साधा कर्नल उचलला गेला की लिनक्ससीएनसी सुरूच होत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी, यूपीएस लावून, पहिलं काम क्लोनिंग. जुन्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी नवी एसएसडी आणा, फुकट मिळणाऱ्या क्लोनझिलाने जुनी डिस्क जशीच्या तशी त्यावर उतरवा, मग जुनी काढून नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा आणि नवीवर काम करा. बिघडलं तर पंधरा मिनिटांत जुनी परत लावता येते. कॉन्फिग्सचा फोल्डर पेन ड्राईव्हवरही घ्या, तुमच्या मशीनची सगळी माहिती त्याच इनी (मशीनची मापं, स्पीड) आणि हाल (कुठला सिग्नल कुठं जोडलाय) फाईलींत आहे, ती परत बसवायची म्हणजे किती दिवस जातील याचा भरवसा नाही. अपडेट उतरवायला तेवढ्यापुरता गेटवे टाका, झालं की काढा. रिस्टार्टनंतर टर्मिनलमधे यूनेम मायनस ए (uname -a) टाइप करा, प्रीएम्प्ट आरटी किंवा आरटीएआय दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर पीसी सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडा.

तुमचं लिनक्ससीएनसीचं व्हर्जन २.७ किंवा त्याच्या आधीचं असेल तर २.८ पासून जॉइंट (प्रत्यक्ष मोटरी) आणि एक्स, वाय, झेड दिशांचे अ‍ॅक्सिस वेगळे केलेत, नवं व्हर्जन इनी फाईल स्वतःच बदलून देतं आणि जुनी जपून ठेवतं, तरी होमिंग, लिमिट, स्पीड एकेक तपासा. पहिला जॉब बिट काढून हवेत चालवा, हात ई-स्टॉपवर, म्हणजे मशीन तातडीने थांबवायच्या बटनावर.

प्रश्न : आमच्याकडे लिनक्ससीएनसीच आहे पण मेसाचं इथरनेट कार्ड आहे, म्हणजे पल्स तेच सोडतं आणि पीसीला नेटवर्क केबलने जोडलंय. पीसीच्या दुसऱ्या नेटवर्क पोर्टला ऑफिसची केबल लावल्यापासून मधेच एरर फिनिशिंग रीड येऊन मशीन थांबतं.

उत्तर : आधी आयपी बघा. कार्डचा १९२.१६८.१.१२१ असेल आणि ऑफिसचा इंटरनेटचा राउटरही १९२.१६८.१ चेच नंबर वाटत असेल तर पीसीला कळत नाही की कुठलं पॅकेट कुठल्या पोर्टने पाठवायचं. कार्डवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) बदलून १०.१०.१०.१० वर न्या, पीसीच्या त्या पोर्टला १०.१०.१०.१ द्या, हाल फाईलमधेही नवा नंबर टाका. कार्ड आणि पीसी यांच्यात स्विच वगैरे काही नको, सरळ केबल. तरी आलं तर पोर्ट इंटेलचं आहे का बघा आणि असेल तर त्याचं इंटरप्ट कोअलेसिंग (आलेली पॅकेट थोडी साठवून मग पीसीला कळवणं) शून्य करा, बऱ्याच ठिकाणी तेच निघतं.

प्रश्न : मॅक थ्री (Mach3, मशीन चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) विंडोज ७ वर चालतंय, प्रिंटर पोर्टवर. कॉम्प्युटरवाला म्हणतो विंडोज ११ टाकून देतो, टाकू का?

उत्तर : नका टाकू, मशीन बंद पडेल. मॅक थ्रीचा प्रिंटर पोर्टचा ड्रायव्हर ३२ बिटवरच चालतो आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमधे येतं. पण विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, म्हणून त्या पीसीला नेटवर्कची केबल लावूच नका, पेन ड्राईव्ह ऑफिसात स्कॅन करून मगच. प्रोफाईलची एक्सएमएल आणि लायसन्सची फाईल आजच दुसरीकडे कॉपी करा. नवा पीसी घ्यायचाच असेल तर पल्स स्वतः सोडणारा इथरनेटवरचा वेगळा मोशन कंट्रोलर घ्या, मग ६४ बिटचा प्रश्न येत नाही.

प्रश्न : घरून मोबाईलवर व्हीएनसी (दुरून पीसीची स्क्रीन चालवायचा प्रोग्रॅम) टाकून मशीन सुरू करता येईल का?

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या येईल. पण तुम्ही घरी स्टार्ट दाबाल तेव्हा तुमचा पोरगा क्लॅम्प आवळायला मशीनच्या बेडवर वाकलेला असेल, तुम्हाला स्क्रीनवर तो दिसणार नाही. बघण्यापुरता कॅमेरा लावा, तोही मशीनच्या पीसीवर नको, वेगळा. स्टार्ट मशीनजवळ उभा असलेला माणूसच दाबेल, आणि ई-स्टॉप वायरने थेट पॉवर तोडणारा हवा, सॉफ्टवेअरमधून जाणारा नको. तुमचा कसा जोडलाय ते इलेक्ट्रिशियनला घेऊन उद्याच बघून घ्या.