माती ओली, तरी झाड मान का टाकतंय?

प्रश्न : गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांमध्ये टोमॅटो आणि मिरची लावलीय. सकाळी भरपूर पाणी घालते तरी दुपारी पानं पार लोंबतात, म्हणून परत पाणी घालते, तर आता खालची पानं पिवळी पडायला लागलीत. पाणी कमी पडतंय का जास्त होतंय?

उत्तर : ताई, पाणी घालायच्या आधी दुपारी तीनच्या सुमारास कुंडीला ज्या बाजूने ऊन लागतं तिथे हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर आत मुळांचं काय होत असेल ते लगेच कळेल. आपण सगळे मोबाईलवर हवेचं तापमान बघतो आणि म्हणतो ठीक आहे, चालतंय, पण मुळं हवेत नसतात ना, ती कुंडीत असतात, आणि उन्हातल्या काळ्या कुंडीची माती हवेपेक्षा ८-१० अंशांनी सहज जास्त तापते, कडेला तर त्याहूनही जास्त. जमिनीतल्या झाडाला ऊन फक्त वरून लागतं, कुंडी बाजूनेही तापते. साधारण ३५ अंशांच्या पुढे बऱ्याच भाज्यांची मुळं धड काम करेनाशी होतात आणि ४५ च्या आसपास मरायला लागतात.

म्हणजे होतंय काय, तर पानांतून पाणी उडतंय भराभर आणि खालून मुळं तेवढं ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही झाड मान टाकतं. त्यात तुम्ही अजून पाणी ओतलं की मातीतली हवा जाते, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी राहतो, मग मुळं कुजतात आणि पानं पिवळी. त्यामुळे दुपारी आधी बोट घालून बघा, दोन पेरांपर्यंत ओल लागत असेल तर पाणी अजिबात नको. संध्याकाळी झाड आपोआप उभं राहिलं तर घाबरायचं कारण नाही. सकाळीसुद्धा माना खालीच असतील तर मात्र एखादं झाड मातीच्या गोळ्यासकट हळूच बाहेर काढून बघा. सावलीकडची मुळं पांढरी, भरगच्च आणि उन्हाकडची तपकिरी किंवा जवळजवळ नाहीतच, असं दिसलं तर चोर सापडला.

उपाय खर्चिक नाहीत. मला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटतो तो म्हणजे कुंडी तिच्यापेक्षा मोठ्या, फिक्या रंगाच्या कुंडीत ठेवायची आणि मधल्या फटीत वाळलेली पानं नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरायचं, ऊन बाहेरच्या कुंडीवर अडतं. ते जमत नसेल तर काळ्या कुंडीला बाहेरून पांढरा रंग द्या किंवा जुनं पांढरं कापड गुंडाळा. मातीवर दोन इंच पालापाचोळा पसरा, खोडाला चिकटवू नका. कुंड्या एकत्र ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते, लहान कुंड्या मधोमध घ्या कारण त्यात माती कमी म्हणून त्या आधी तापतात. गच्चीची फरशी पण रात्री उशिरापर्यंत गरम राहते, तेव्हा कुंड्या विटांवर उचलून ठेवा. आणि हो, उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं, ते बादलीत सोडा. झाड सावरेपर्यंत खत बंद, हे कृपया ऐकाच, त्रासात असलेल्या मुळांना खत सोसत नाही.

प्रश्न : माझा टोमॅटो हिरवागार आहे, फुलंही येतात पण सगळी गळून जातात. कुठलं टॉनिक मारू?

उत्तर : टॉनिक नको. दिवसा ३२-३५ च्या वर आणि रात्री २१-२४ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरत नाही आणि फूल गळतं. दुपारच्या चार तासांपुरती शेडनेट (सावलीची जाळी) लावा, पूर्ण दिवस नको, नाहीतर उजेड कमी पडून झाड नुसतं उंच होईल. रात्री थंड व्हायला लागल्या की त्याच झाडाला फळं धरतात, तोपर्यंत उपटून टाकू नका!

प्रश्न : थंडीत घरातली झाडं खिडकीशी ठेवतो, उजेड मिळावा म्हणून. पानांना काळे डाग आलेत. बुरशी आहे का?

उत्तर : डाग फक्त काचेकडच्या पानांवर आहेत का ते आधी बघा. तसं असेल तर थंडी लागलीय. रात्री काचेजवळची हवा खोलीपेक्षा बरीच गार असते आणि मनीप्लांटसारख्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना १०-१२ अंशांच्या खाली इजा व्हायला लागते, बेसिल तर लगेच काळं पडतं. दिवसा खिडकीत ठेवा, रात्री हातभर आत घ्या, पण हीटरच्या झोतासमोर नको, तिथे पानं करपतात. थंडीत झाड पाणी कमी पितं म्हणून वरची माती सुकल्यावरच द्या, तेही सकाळी आणि खोलीच्या तापमानाचं. डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही, अर्ध्याहून जास्त काळं झालं असेल तर कापा, बाकीची राहू द्या, नवीन पालवी येईपर्यंत झाडाला ती लागतात.