जपानला केअरगिव्हर म्हणून जायचंय? अकिताहून उत्तर

लांज्याची जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, वय २५, सध्या ठाण्यात खासगी हॉस्पिटलात, एन४ (जपानी भाषा परीक्षेची खालून दुसरी पायरी) पास, एजंट म्हणतो चार महिन्यांत विमानात बसवतो, आणि आई-बाबा गावात दोघंच. एवढं सांगून तू दोन प्रश्न विचारलेस: तिथे खरंच एवढं काम आहे का, आणि पाच वर्षांनी परत पाठवतात का. धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून तू-च म्हणते. मी संगमेश्वर तालुक्यातली, २०१९ पासून उत्तर जपानात अकिताला आहे.

काम आहे. आज आहे आणि तू म्हातारी होईपर्यंत राहील. २०२४ साली जपानात जेमतेम ६ लाख ८६ हजार मुलं जन्मली आणि १६ लाख माणसं वारली. शंभरातले २९ जण ६५ च्या पुढचे. सरकारचाच अंदाज आहे की २०४० पर्यंत २०२२ च्या तुलनेत आणखी ५ लाख ७० हजार काळजीवाहक लागतील. म्हणून तर एकेकाळी परदेशी माणूस नको म्हणणाऱ्या या देशानं २०१९ मध्ये ‘तोकुतेई गिनो’ म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामगारांचा व्हिसा काढला आणि २०२१ मध्ये भारताशी करार केला.

पण आकडे ऐकून कळत नाही, इथे राहिल्यावर कळतं. अकिता हा जपानातला सगळ्यात म्हातारा प्रांत. १९५६ मध्ये इथे साडेतेरा लाख लोक होते, आता नऊ लाखांच्या आसपास. आमच्या केअर होमच्या रस्त्यावर ओळीनं सात घरं आहेत, त्यातल्या दोनच घरांत हिवाळ्यात चिमणीतून धूर निघतो. बाकीच्यांच्या छपरावरचा बर्फ काढायलाही कुणी नाही. अशा घरांना इथे ‘आकिया’ म्हणतात, देशभरात ती ९० लाख आहेत. ऑगस्टमध्ये ओबोनला, म्हणजे पितरांच्या सणाला, टोकियोहून गाड्या येतात, दारं उघडतात, चार दिवस उजेड दिसतो आणि पुन्हा कुलपं. पहिल्या वर्षी ते बघून मला हसूच आलं. अगं, हे तर आपले गणपतीचे चाकरमानी!

आता काम काय ते नीट ऐक. तुझं जीएनएम इथे नर्स म्हणून चालत नाही. इंजेक्शनला तू हात लावणार नाहीस. तू अंघोळ घालणार, डायपर बदलणार, कूस बदलणार, भरवणार. रात्रपाळी संध्याकाळी साडेचार ते सकाळी साडेनऊ, वीस जणांमागे मी एकटी. सकाळी प्रत्येकाची नोंद जपानीत लिहायची. नर्स म्हणूनच राहायचं असेल तर जर्मनीचा विचार कर. तिथे मान्यतेची प्रक्रिया करून नर्स होता येतं, फक्त जर्मन भाषा बी२ या पायरीपर्यंत न्यावी लागते, आणि ते एन४ पेक्षा बरंच वरचं आहे. ‘मी शिकलेली नर्स आणि शी-शू काढते’ ही बोच जिला लागणार असेल तिनं इथे येऊ नये. मला पहिलं वर्षभर लागली. मग एका आजींनी घालवली. त्या ९४ वर्षांच्या, स्वतःच्या मुलीचं नाव विसरलेल्या, पण जेवणाच्या ताटातलं लोणचं रोज माझ्यापुढे सरकवून म्हणायच्या, ‘के’. पुस्तकात असा शब्द नाही. अकिताच्या बोलीत ‘के’ म्हणजे ‘खा’. एन४ वर इथे पोट भरतं, संवाद होत नाही, एवढं लक्षात ठेव.

व्हिसाचं सांगते. एन४ शिवाय काईगोची, म्हणजे काळजीकामाची, कौशल्य परीक्षा आणि काईगोच्या जपानीची परीक्षा अशा आणखी दोन द्याव्या लागतात. त्या झाल्यात का, हे तू लिहिलेलं नाहीस. एजंट ‘त्या नंतर बघू’ म्हणत असेल तर तिथेच थांब. तोकुतेई गिनोवर पाच वर्षं मिळतात, नवरा-मुलांना आणता येत नाही, मात्र मालक बदलता येतो. मी आले ती प्रशिक्षणार्थी योजना होती, तिच्यात मालक बदलायची सोय नव्हती. ती २०२७ मध्ये जाऊन नवी येतेय, तेव्हा कुठल्या योजनेखाली नेतात ते कागदावर बघ. पाच वर्षांनंतर राहायचं तर एकच दार आहे, ‘काईगो फुकुशिशी’, म्हणजे प्रमाणित काळजीवाहक होण्याची राष्ट्रीय परीक्षा. तीन वर्षांचा अनुभव, एक अभ्यासक्रम, आणि जानेवारीत १२५ प्रश्नांचा जपानी पेपर. २०२६ पासून भागाभागानं पास होण्याची सोय झालीय. पास झालीस की काईगोचा व्हिसा, तो कितीही वेळा वाढतो आणि कुटुंबही आणता येतं. मी २०२४ मध्ये पास झाले. अभ्यास रात्रपाळीत पहाटे तीनला केला, कारण तेवढा एकच तास घंटी कमी वाजते.

पैशाचं गणित एजंट सांगतो तसं नाही. त्यानं दाखवलेला आकडा कापण्याआधीचा असतो. आरोग्य विमा, पेन्शन, कर आणि घरभाडं जाऊन पहिल्या वर्षी माझ्या हातात १ लाख १५ हजार येनच्या आसपास पडायचे. दुसऱ्या वर्षी रहिवासी कर सुरू होतो, तेव्हा पगार कमी झाल्यासारखा वाटतो, घाबरू नकोस. किमान वेतन प्रांताप्रांताचं वेगळं: २०२४ मध्ये टोकियोला ताशी १,१६३ येन, अकिताला ९५१. शिवाय २०२० च्या सुमारास शंभर येनला ७० रुपये यायचे, ते नंतर ५५ पर्यंत घसरले. कर्ज रुपयांत काढून येनमध्ये फेडताना हे चांगलंच जाणवतं. माझ्या एजंटनं पावतीशिवाय जे घेतले ते फिटायला दीड वर्ष गेलं.

हे सगळं तुला कुणीही सांगेल. तू न विचारलेलं सांगते: आई-बाबा.

आपल्याला वाटतं भारत तरुण देश, म्हातारपण ही श्रीमंतांची चैन. २०२३ मध्ये आपण लोकसंख्येत चीनला मागे टाकलं ते खरंच. पण ती वाढ बरीचशी जुन्या जन्मांची आहे. आधीच्या पिढीत मुली भरपूर जन्मल्या, त्या आता आया होण्याच्या वयात आहेत, म्हणून प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी डोकी वाढत राहतात. २०१९-२१ च्या पाहणीत बिहारमध्ये बाईमागे तीन मुलं निघाली. त्याच पाहणीत महाराष्ट्रात १.७ निघाली, म्हणजे आई-बापाची जागा भरून निघण्याइतकीही नाहीत. आणि आपलं कोकण तर त्याच्याही पुढे. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ वर आला, सिंधुदुर्गही घटला. ना लढाई, ना रोगराई. पोरं मुंबईला गेली एवढंच. तुझ्या वाडीत दिवा लागणारी घरं मोज, मी काय म्हणते ते कळेल.

फरक एवढाच की जपाननं १९६१ मध्येच सगळ्यांना आरोग्य विमा आणि पेन्शन दिलं होतं, तेव्हा तो देश अजून तरुण होता. २००० मध्ये काळजीविमा आणला. चाळिशीनंतर प्रत्येकजण हप्ता भरतो, आणि गरज लागली की बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच द्यावा लागतो. माझा पगार त्यातूनच निघतो. आपल्याकडे माझ्या आईला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. योजनेचं नाव वाचलं की मला मान खाली घालावीशी वाटते.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. तिकीट काढून पोचायला मला नऊ दिवस लागले. परत आल्यावर एकदा फोनवर आईशी बोलत होते, मागे बाबा चहा पीत होते. ठसका ऐकला, आणि त्यानंतरचा त्यांचा आवाज ऐकला. घोगरा, ओला, घशात पाणी साचल्यासारखा. इथे तो आवाज मी रोज ऐकते. घास किंवा घोट श्वासनलिकेत जातो तेव्हा तसा येतो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. इथे आम्ही चहात ‘तोरोमी’ नावाची पूड ढवळून तो मधाइतका दाट करतो. मी ओरडून कप काढून घ्यायला लावला. मग व्हिडिओवर आईला दाखवलं: पाठ ताठ, पायाखाली पाट, हनुवटी छातीकडे, चमचा समोरून आणि खालून. आई म्हणाली, ‘तिकडच्या म्हाताऱ्यांना असंच भरवतेस?’ मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी घरी बसून ठरव. रात्री काही झालं तर पहिला फोन कुणाला, त्या माणसाकडे गाडी आहे का, आणि अचानक यायचं झालं तर तिकिटाचे पैसे कुठे वेगळे ठेवलेत. भाऊ मुंबईजवळ दिव्याला राहत असेल तर तोही सहा-सात तास लांबच आहे, त्याच्यावर सगळं टाकून मोकळी होऊ नकोस. आमच्याकडे आता वाडीतल्याच एक काकू सकाळ-संध्याकाळ येतात, बाबांना उठवून ओटीवर बसवतात, अंघोळीला हात लावतात. महिन्याला सहा हजार पाठवते. कामाला चोख आहेत. वय ६१. त्यांचे दोन्ही मुलगे विरारला.

करार हातात आला की फोटो पाठव, आधी जपानी पान पाठव.