प्रॉग रॉकमधलं सर्वांत मोठं वळण कोणतं? माझं उत्तर: डिसेंबर १९६९

प्रश्न साधा दिसतो: प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या 'प्रॉग'च्या, इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण कोणतं, आणि ऐकायचा क्रम कोणता? आतापर्यंत तीन उत्तरं जोरात मांडली गेली आहेत. एक, किंग क्रिमसनचा पहिला अल्बम, ऑक्टोबर १९६९. दोन, पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', मार्च १९७३. तीन, १९७७ चं पंक, म्हणजे छोट्या, साध्या, आक्रमक गाण्यांचं रॉक, ज्याने म्हणे प्रॉगचा खेळ संपवला. तिन्हींबद्दल लिहितो, पण माझं उत्तर या तिन्हींत नाही.

आधी वळण कशाला म्हणायचं ते ठरवू. एखादा अल्बम कितीही थोर असो, तो आल्यावर बाकीच्या बँडांचा रस्ता बदलला नसेल तर तो वळण नव्हे. या कसोटीवर 'डार्क साइड' पहिल्या फेरीतच बाद होतो. १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होता, आणि मला तो आजही प्रिय आहे. पण त्या वर्षी बाकीचे काय करत होते बघा. येसने चार बाजूंचा (म्हणजे दोन रेकॉर्डचा) 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढला, इमर्सन, लेक अँड पामरने (पुढे ईएलपी) 'ब्रेन सॅलड सर्जरी', जेनेसिसने 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'. फ्लॉइडचा तो संथपणा, ती काटकसर यांतल्या एकातही नाही. त्या अल्बमने फ्लॉइडचं आयुष्य पालटलं, शेजाऱ्यांचं नाही.

क्रिमसनची बाजू फार भक्कम आहे. जानेवारी १९६९ मध्ये लंडनच्या फुलहॅम भागात एका कॅफेच्या तळघरात हे लोक तालमीला बसले, आणि ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी लाखोंच्या गर्दीसमोर वाजवत होते. सहा महिने सुद्धा झाले नव्हते! अल्बमसाठी आधी मूडी ब्लूजचे निर्माते टोनी क्लार्क यांच्याबरोबर काम सुरू झालं होतं. ते जमेना, तेव्हा या पोरांनी सगळं थांबवलं आणि निर्मिती स्वतःच्या हातात घेतली.

मूडी ब्लूजचा उल्लेख आलाच आहे, तर त्यावरही बोलू, कारण काही जण १९६७ च्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'ला पहिला मान देतात. तो अल्बम नीट ऐका. ऑर्केस्ट्रा वाजतो, थांबतो, मग बँड सुरू होतो. दोघं एका घरात राहतात, पण एका ताटात जेवत नाहीत. क्रिमसनमध्ये 'एपिटाफ' ऐकताना ऑर्केस्ट्रासारखं जे काही ऐकू येतं ते इयन मॅकडोनल्डच्या मेलोट्रॉनमधून, म्हणजे बँडच्या आतूनच येतं. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर व्हायोलिन किंवा बासरीचा एकेक सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते, साधारण आठ सेकंदांत संपते, आणि बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ओढते. त्यामुळे एक सूर हवा तेवढा धरून ठेवता येत नाही, वाजवणाऱ्याला पुढच्या कॉर्डवर जावंच लागतं. त्या काळच्या प्रॉगमध्ये पार्श्वभूमीचे सूर सतत हलत, सरकत राहतात, त्यात या यंत्राच्या मर्यादेचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

'ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'चा मधला भाग तर हेडफोन लावून ऐकावा. गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स एकच वेगवान ओळ एकत्र वाजवतात, मध्येच सगळे एका क्षणी गप्प, आणि पुन्हा सगळे एका क्षणी आत. ती शांतता चौघांच्या हातात सारखीच मोजलेली आहे. मायकल जाइल्सचे ड्रम्स ऐकले की रॉकमध्ये याआधी असं कोणी वाजवत नव्हतं हे पटतं.

इतकं असूनही मी ऑक्टोबर म्हणत नाही, डिसेंबर म्हणतो. अल्बम बाजारात आल्यावर दोन महिन्यांत, अमेरिकेच्या दौऱ्यात, मॅकडोनल्ड आणि जाइल्स यांनी बँड सोडत असल्याचं सांगितलं. गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने 'तुम्ही राहा, मीच जातो' इथपर्यंत तयारी दाखवली, पण ते थांबले नाहीत. त्याच दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये क्रिमसन आणि द नाइस एकाच मंचावर होते, आणि तिथे क्रिमसनचा गायक ग्रेग लेक आणि द नाइसचा कीबोर्डवादक कीथ इमर्सन यांचं बोलणं झालं. ऑगस्ट १९७० मध्ये त्यांचा ईएलपी आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात वाजवत होता.

समजा ते पाचही जण एकत्र राहिले असते. मग क्रिमसन हा एक थोर बँड झाला असता आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल केली असती. फुटल्यामुळे काय झालं? लेक आपला आवाज घेऊन ईएलपीत गेला. फ्रिपकडे बँडचं नाव उरलं आणि माणसं नाहीत, म्हणून 'क्रिमसन' हे ठरावीक मंडळींचं नाव न राहता काम करण्याच्या एका पद्धतीचं नाव झालं. डिसेंबर १९७० मध्ये आलेल्या क्रिमसनच्या 'लिझर्ड'मध्ये येसचा गायक जॉन अँडरसन पाहुणा म्हणून गातो. क्रिमसनचा गीतकार पीट सिनफील्ड पुढे बाहेर पडला आणि १९७३ मध्ये इटलीच्या पीएफएम या बँडसाठी त्याने इंग्रजी गीतं लिहिली, तीही ईएलपीच्याच मँटिकोर लेबलसाठी. माणूस एका बँडमधून दुसऱ्यात जातो आणि जाताना आधीच्या बँडची रीत बरोबर नेतो, ही सवय प्रॉगला या फुटीने लावली. पुढची जवळजवळ सगळी वळणं तशीच आली आहेत: कोणीतरी सोडून गेलं म्हणून.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण येसचा ड्रमर बिल ब्रूफर्ड. १९७२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत येस 'क्लोज टू द एज' करत होते. साडेअठरा मिनिटांच्या वर जाणारं ते गाणं सलग वाजवून मुद्रित झालेलंच नाही. चार-दोन मिनिटांचे तुकडे बसवायचे, मुद्रित करायचे, आणि ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डने टेप कापून जोडायची, असं ते उभं राहिलं. मधल्या शांत भागाच्या शेवटी येणारा चर्च ऑर्गन लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला आहे. काम संपलं आणि ब्रूफर्ड येस सोडून क्रिमसनमध्ये गेला. बँडने नुकतंच शिखर गाठलंय, आणि ड्रमर म्हणतो, इथून पुढे मला नवं काही शिकायला मिळणार नाही. त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटला दौऱ्याआधी तयारीला मोजके दिवस मिळाले.

आता यातून काय निघालं बघा. मार्च १९७३ मध्ये ब्रूफर्डच्या लग्नाच्या मेजवानीत जॉन अँडरसनची गाठ क्रिमसनचा तालवादक जेमी म्यूर याच्याशी पडली. त्याने अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राकडे वळवलं. पुढे टोकियोतल्या हॉटेलात त्या पुस्तकातली एक तळटीप अँडरसनने वाचली: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं. झालं, चार शास्त्रं, 'टोपोग्राफिक ओशन्स'च्या चार बाजू, ऐंशी मिनिटांचं संगीत. ब्रूफर्ड येसमध्येच राहिला असता तर म्यूर त्या लग्नाला कशाला आला असता? आपल्या वाचकाने 'टोपोग्राफिक ओशन्स'मध्ये वेदान्त शोधू नये, गीतांमध्ये त्या ग्रंथांचं विवेचन नाही. तिथून फक्त चौकट घेतली आहे. माझ्या मते दुसरी बाजू, म्हणजे स्मृतीची, पातळ झाली आहे, आणि चौथी, तंत्राची, येसच्या सर्वोत्तम कामात धरावी अशी आहे. येसचा कीबोर्डवादक रिक वेकमन याला हा सगळा पसारा पटला नाही आणि १९७४ मध्ये तो बाहेर पडला. म्हणजे पुन्हा तेच.

आता १९७४-७५. या दोन वर्षांना या वादात फार कमी जागा मिळते आणि ते मला खटकतं. सप्टेंबर १९७४ मध्ये फ्रिपने क्रिमसन बंद केला आणि ऑक्टोबरमध्ये 'रेड' आला. ब्रिटनच्या यादीत तो जेमतेम एक आठवडा होता, ४५ व्या क्रमांकावर. पहिला अल्बम पाचपर्यंत गेला होता, आणि हा असा हळूच येऊन गेला. पण 'स्टारलेस'च्या मध्यात गिटार एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत तणाव वाढवत नेते, बास खालून ढवळत राहतो, आणि शेवटी सगळं फुटतं. पुढच्या तीस वर्षांतल्या जड प्रॉगने हे मनापासून आत्मसात केलं आहे. आणि या अल्बमवर पाहुणा सॅक्सोफोनवादक कोण? १९६९ मध्ये सोडून गेलेला इयन मॅकडोनल्ड.

इकडे जेनेसिसचा गायक पीटर गेब्रियल 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'चा दौरा पुरा करून गेला आणि ऑगस्ट १९७५ मध्ये ते जाहीर झालं. सगळ्यांना वाटलं बँड संपला. गायक शोधून दमल्यावर ड्रम्सवरचा फिल कॉलिन्स पुढे आला, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये 'अ ट्रिक ऑफ द टेल' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. कॉलिन्सला मंचावर गाता यावं म्हणून त्या दौऱ्यात ड्रम्स वाजवायला कोण आलं? बिल ब्रूफर्ड. मी त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहितोय, पण इतिहासच तसा आहे.

कॅनडाच्या रशचंही हेच. १९७४ मध्ये ड्रमर जॉन रट्सी गेला, त्याच्या जागी नील पर्ट आला, आणि त्याच्या लेखणीमुळेच १९७६ चा '२११२' शक्य झाला. आधीचा अल्बम चालला नव्हता, कंपनीला छोटी गाणी हवी होती, आणि यांनी अख्खी पहिली बाजू वीस मिनिटांच्या एका कथेला दिली. प्रॉग मेटलचा उगम विचाराल तर मी १९९२ च्या ड्रीम थिएटरकडे जाण्याआधी इथे थांबेन.

पंकने प्रॉग मारला, हे वाक्य इतकं वापरलं गेलंय की ते कोणी तपासतच नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये, पंक ऐन भरात असताना, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचा अल्बम येसचा 'गोइंग फॉर द वन' होता. त्याच्या महिनाभर आधी सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन, जो फ्लॉइडविरोधी टी-शर्टसाठी ओळखला जायचा, कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड्स लावत होता आणि त्यात व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या पीटर हॅमिलची दोन गाणी होती. ईएलपीचं नुकसान पंकने नाही, त्यांनी त्याच वर्षी दौऱ्यावर नेलेल्या पूर्ण ऑर्केस्ट्राच्या खर्चाने केलं. १९७७ मध्ये खरंच काही वळलं असेल तर ते गिटारवादक स्टीव्ह हॅकेटच्या जेनेसिस सोडण्याने. उरलेल्या तिघांनी १९७८ मध्ये 'फॉलो यू फॉलो मी' काढलं, चार मिनिटांचं प्रेमगीत, आणि अमेरिकेत पहिल्यांदाच ते पहिल्या चाळीसात गेले. मोठे प्रॉग बँड छोट्या गाण्यांकडे वळले ते या दारातून.

मार्च १९७८ मध्ये लंडनला हेन्री काउ या इंग्रजी बँडच्या पुढाकाराने 'रॉक इन अपोझिशन' हा कार्यक्रम झाला. इटली, स्वीडन, बेल्जियम, फ्रान्समधले बँड, ज्यांना रेकॉर्ड कंपन्या विचारत नव्हत्या, ते एकत्र आले. इंग्रजी यादीबाहेर प्रॉग ऐकायचं असेल त्यांनी त्यांतल्या बेल्जियमच्या युनिव्हर झेरोपासून सुरुवात करावी.

ऐंशीचं दशक मी भरभर ओलांडतो. १९८२ मध्ये एशिया या बँडचा पहिला अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे अव्वल होता आणि त्यात क्रिमसन, येस, ईएलपी सोडलेली वा फुटलेलीच माणसं होती. पण माझ्या सिद्धांताला त्याचा आधार मिळतो म्हणून तो अल्बम मला आवडेल असं नाही. ब्रिटिश बँड मॅरिलियनचा 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला आला, १९८८ मध्ये गायक फिश गेला, पुढे त्याच्या जागी स्टीव्ह हॉगर्थ आला.

त्यानंतरचं वळण मात्र माझ्या सूत्रात बसत नाही, आणि मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. १९९७ मध्ये मॅरिलियनला अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता. तिकडच्या चाहत्यांनी इंटरनेटवर एकमेकांना गाठून सुमारे ६० हजार डॉलर जमवले आणि बँडला बोलावलं. त्यातून धडा घेऊन बँडने २००१ च्या 'अनोराकनोफोबिया'साठी एकही सूर मुद्रित होण्याआधी चाहत्यांकडे नोंदणी मागितली, आणि १२ हजारांहून जास्त लोकांनी पैसे पाठवले. वीस मिनिटांचं गाणं करायचं की नाही, हे आधी कंपनी ठरवायची. इथून पुढे ते ऐकणारे ठरवू लागले. ज्यांना आजचा प्रॉग टिकून कसा आहे हे समजून घ्यायचंय, त्यांनी १९७७ वर भांडण्यापेक्षा १९९७ वर वेळ घालवावा.

ऐकायचा क्रम कोणता, असंही मूळ प्रश्नात विचारलं होतं. क्रिमसनचा पहिला, 'लिझर्ड', 'क्लोज टू द एज', मग 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक', 'रेड' आणि 'अ ट्रिक ऑफ द टेल', याच क्रमाने. 'लार्क्स टंग्ज'मध्ये ब्रूफर्ड येसपेक्षा वेगळा वाजतो, त्याकडे खास लक्ष द्या.