जुनिपर वाकवणं सोपं, त्याचं शेपूट जगवणं अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गच्चीवर कुंडीत दोन वर्षांपासून जुनिपर (एक सूचिपर्णी झाड) आहे, त्याचं बोन्साय करताना त्याला कड्यावरून लोंबणाऱ्या झाडासारखं खाली न्यायचंय. कधी वाकवू, किती वाकवू, आणि आत्ता फांदीला दगड बांधलाय तो चालेल का?

दगड आजच सोडा. दगडानं फांदी एकाच जागी ओढली जाते, वारा सुटला की झोके खाते आणि सुतळी सालीत रुतते. फांदी नुसती लोंबकळते, तिला वळण येत नाही.

आणखी एक आधीच बघून घ्या. नर्सरीत जुनिपर म्हणून कधीकधी मोरपंखी हातात येते. पानं उभ्या चपट्या पंख्यासारखी असतील तर ती मोरपंखी. तिचे पंखे उभेच राहतात, त्यामुळे खाली जाणाऱ्या बुंध्यावर आडवे थर नीट बसत नाहीत. मग या कामाला दुसरं झाड घ्या.

मी साताऱ्यात राहतो. अजिंक्यताऱ्याच्या चढावर दगडांच्या फटीतून आलेला एक उंबर आहे, मी त्याच्यासमोर कितीतरी वेळा थांबलोय. त्याचा बुंधा फटीतून थेट खाली पडत नाही. आधी किंचित वर आणि बाहेर येतो, मग वळून खाली जातो, आणि शेवटचा वीतभर शेंडा पुन्हा उजेडाकडे वर उचललेला असतो. या शैलीतलं जवळजवळ सगळं त्या एका रेषेत आहे. जपानीत हिला केंगाई म्हणतात. शेंडा कुंडीच्या बुडाच्याही खाली गेला तर पूर्ण केंगाई, काठाच्या खाली पण बुडाच्या वर राहिला तर हान-केंगाई. पहिल्या झाडाला हान-केंगाईच करा, असं मी आग्रहानं सांगेन.

कारण झाडाचा जोर वर जातो. खाली वळवलेली फांदी म्हणजे झाडाच्या हिशेबी बिनमहत्त्वाची फांदी. माथ्यावर नवी पालवी फुटत राहते आणि शेपटाकडे, म्हणजे खाली गेलेल्या टोकाकडे, दुर्लक्ष होतं. माझा पहिला जुनिपर असाच गेला. मी मे महिन्यात एकाच दिवशी तार गुंडाळली, पूर्ण वाकवला आणि त्याच दिवशी मुळं कापून उंच कुंडीत लावला. महिनाभर तो हिरवागार दिसत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. एके सकाळी शेपटाची पानं बोटांत धरली तर ती चुरचुरली. नखानं साल खरवडली, आत हिरवं काहीच नव्हतं. तेव्हापासून वाकवणं आणि कुंडी बदलणं यांच्यात मी एक वर्ष जाऊ देतो.

वाकवायला डिसेंबर-जानेवारी घ्या. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, फांदी थोडी नरम पडते. जाड फांदीला आधी केळीचं सोपट भिजवून घट्ट गुंडाळा, म्हणजे साल फाटत नाही. तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश हवी. ॲल्युमिनियमची तार हाताळायला सोपी. मी अर्थिंगची तांब्याची तार गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर लाल होईपर्यंत तापवून निववतो. अशी तार हाताला मऊ लागते आणि एकदा वाकवली की कडक होते. तारेचं टोक बुंध्यामागे मातीत खोल रोवा आणि 45 अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी पुढे जा. वेढे ज्या दिशेनं घातले, फांदीला पीळही त्याच दिशेनं द्या, म्हणजे तार आवळते. उलट पिळलंत तर सैल पडेल.

आता पहिलं वळण. दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला ठेवा, बाकीच्या बोटांनी फांदी हळूहळू आणा, आणि कान द्या. बारीक ‘कट्’ ऐकू आलं की थांबायचं, मागे न्यायचं नाही, पुढेही नाही. चीर पडली असेल तर जखमेवर लावायचा लेप लावून तीन महिने तसंच सोडा. हवं तेवढं वळण एकदम येत नाही, दोन-तीन हिवाळ्यांत येतं. बाजूच्या फांद्या वळणांच्या बाहेरच्या अंगाला ठेवा, आतल्या काढा. बुंधा खाली गेला तरी पानांचे थर आडवेच बसवा, आणि शेंडा वर उचला. उचललेला शेंडा वाढत राहतो.

त्यानंतरचं काम वर्षभराचं. माथा दाट झाला की तो विरळ करा, शेपटाला मात्र वाढू द्या. कात्रीनं सगळीकडून टोकं खुडू नका. जास्त छाटलं की जुनिपर चिडल्यासारखा टोचरी, बाळपणीची पानं काढतो. आणि कुठलीही फांदी पूर्ण नागडी करू नका, हिरवं नसलेल्या जुन्या लाकडावर त्याला सहसा पुन्हा फूट येत नाही. पावसाळ्यात तार दर पंधरवड्याला बघा. रुतायला लागली की उलगडू नका, पक्कडीनं तुकडे करून काढा.

सांगलीच्या उन्हाचं म्हणाल तर झाड बाहेरच हवं, घरात ठेवलेला जुनिपर टिकत नाही. एप्रिल-मे मात्र दुपारी शेडनेट लावा आणि कुंडी थेट तापलेल्या गच्चीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. काळी माती अजिबात नको. विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरतं. उंच कुंडी वाऱ्यात उलटते, ती स्टुलाला तारेनं बांधा. आणि तुमच्या भागातले द्राक्षवाले ज्याला चांगले ओळखतात तो लाल कोळी उन्हाळ्यात जुनिपरवरही येतो. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका, ठिपके चालायला लागले तर पानांच्या खालून रोज पाण्याचा जोरदार फवारा मारा.

बुंध्याचा मातीलगतचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून पाठवा. पहिलं वळण कुठून घ्यायचं ते बघून सांगतो.