आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेने शोधलेल्या ‘सरस्वती’ या दीर्घिकांच्या (म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहतींच्या) महासमूहाचं वस्तुमान मोजलं कसं? तराजू तर नाही!

तराजू नाही, पण गोफण आहे. दगड जितका वेगात फिरवाल तितकी दोरी घट्ट लागते, नाहीतर दगड सुटून जातो. दीर्घिकांच्या समूहात दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या, रेषा किती सरकल्या यावरून प्रत्येक दीर्घिकेचा वेग कळतो. हे वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात असतात. एवढ्या वेगातही समूह फुटत नाही, म्हणजे आत किती वस्तुमान असेल याचा हिशोब मांडता येतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये कोमा या दीर्घिकासमूहावर तो मांडला, तर दिसणारं वस्तुमान फारच अपुरं पडलं. कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षण असणाऱ्या द्रव्याची चर्चा इथून सुरू झाली.

पडताळणीला आणखी दोन वाटा. समूहातला कोट्यवधी अंशांचा वायू क्ष-किरण सोडतो, त्याच्या तापमानावरून अंदाज येतो. दुसरी मला जास्त आवडते: काचेच्या पेल्याच्या बुडातून दिवा पाहिला की तो ताणलेला दिसतो, तशा समूहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या मागच्या दीर्घिका वाकलेल्या दिसतात. जितका बाक, तितकं वस्तुमान.

सरस्वतीची गोम वेगळी आहे. पुण्याच्या आयुका आणि आयसर या विज्ञान संस्थांच्या मंडळींनी 2017 मध्ये जाहीर केलेला हा महासमूह सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षं पसरलाय. एवढी रचना अजून स्थिरावलेलीच नाही, त्यामुळे गोफणीचं गणित सबंध महासमूहाला लावता येत नाही. मग आतल्या 43 समूहांवरून अंदाज बांधायचा. आकडा निघाला सूर्याच्या वस्तुमानाच्या 2 वर 16 शून्यं इतक्या पट, आणि त्यात थोडं इकडेतिकडे धरूनच चालायचं.