सकाळी ऑफिसात शिंकांवर शिंका, आणि गोळी घेतली की पेंग येते. काय करावं?

अ‍ॅलर्जीच्या सर्दीत कामाचा विचका नुसत्या शिंकांनी होत नाही. रात्री नाक चोंदतं, झोप तुटते, सकाळी डोकं जड. त्यावर मेडिकलमधून सर्दीची साधी गोळी घेतली, तर त्यातलं क्लोरफेनिरामिन दिवसभर पेंगवतं. सेटिरिझिननेही काही जणांना झोप येते. मी ते घेऊन मीटिंगमध्ये चक्क डुलकी काढली आहे. फेक्सोफेनाडिनने सहसा तसं होत नाही, मात्र ते पाण्यासोबतच घ्या, फळांच्या रसाने त्याचा असर कमी होतो.

त्रास रोजचाच असेल तर डॉक्टरांना फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या स्टेरॉइडच्या नाकात मारायच्या स्प्रेबद्दल विचारा. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. लोक चार दिवसांत कंटाळून सोडतात. डोकं किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, स्प्रेचं तोंड नाकाच्या बाहेरच्या बाजूला. मधल्या पडद्यावर मारलात तर रक्त येतं. नाक झटकन मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र तीन-पाच दिवसांपलीकडे नकोत, नाक उलट जास्त चोंदतं.

एसीची जाळी धुतली का, तेही बघा. एवढं करूनही भागलं नाही तर अ‍ॅलर्जीची तपासणी करून इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याची शरीराला हळूहळू सवय लावणारे उपचार. ती तीन ते पाच वर्षं चालते. छातीत घरघर असेल तर थांबू नका, आधी डॉक्टर गाठा.