गाडीतल्या ब्लोअरच्या (एसी-हीटरचा वारा फेकणाऱ्या पंख्याच्या) रेझिस्टरवरचा, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा, थर्मल फ्यूज उडाला, तर तिथे तार जोडून काम भागवता येईल का?

भागवू नये, रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाण्यापुरतेसुद्धा नाही. कारण हा फ्यूज उष्णतेने उडतो आणि त्याच्या जागी तार आली, की रेझिस्टर लालबुंद झाला तरी फ्यूजबॉक्समधला नेहमीचा फ्यूज शाबूत राहू शकतो. रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड होतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेने मोटर गंजून जड फिरू लागली, किंवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून सुरूच्या झाडाच्या काड्या आत अडकल्या, की वारा कमी होतो, मोटर जास्त करंट ओढते आणि तीच सुकी काडी तापल्या रेझिस्टरला टेकून पेट घेऊ शकते. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात मी अशी जोडणी उघडून पाहिली आहे: तांब्याची तार जागच्या जागी होती, कनेक्टर मात्र वितळून काळा पडला होता. म्हणून बॅटरी सोडवून पंखा हाताने फिरवून पाहावा, कचरा काढावा, जड फिरणारी मोटर दुरुस्त करावी आणि मगच रेझिस्टर अख्खा बदलावा. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाडीत मात्र बहुधा रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते, तिला हे उत्तर जसेच्या तसे लागू होत नाही.